आवाज तोच, बाकी सगळं नवं

मागच्या हिवाळ्यात सासूबाई लंडनला आमच्याकडे राहायला आल्या होत्या. एका संध्याकाळी वेम्ब्लीहून नारळ, कढीपत्ता, कोवळी भेंडी असलं सामान भरून आम्ही दोघी परत येत होतो. नॉर्थ सर्क्युलरवर नेहमीची गाड्यांची रांग, बारीक पाऊस, गाडीभर कोथिंबिरीचा वास. रेडिओवर ‘इनर सिटी लाइफ’ लागलं. बंद करावं म्हणून माझा हात पुढे गेला, कारण सासूबाई मिरजेच्या. तिथे उरसात रात्र रात्र गाणं ऐकत वाढलेल्या. ड्रम अँड बेस नावाचा धुडगूस त्यांच्या कानावर कशाला घालायचा? पण त्यांनी खूण करून मला थांबवलं. मांडीवर त्यांचा तळहात हळूहळू पडत होता, अगदी निवांत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “बाई कशी सावकाश गातीय बघ. आणि हा वाजवणारा? त्याला कुठली गाडी गाठायचीय गं?”

गाणं संपलं. निवेदक म्हणाला, गोल्डी, 1994, मेटलहेड्झ. मग लगेच वाहतुकीच्या बातम्या.

“गोल्डी म्हणजे ही गाणारी?”

“नाही आई, गोल्डी पुरुष आहे. त्यानं गाणं बनवलं. गाणारीचं नाव डायॅन शार्लमेन.”

“मग रेडिओवाल्यानं तिचं नाव का नाही सांगितलं?”

मी काहीतरी उत्तर दिलं. इकडे गाणं बनवणाऱ्याचं नाव लावायची पद्धत आहे वगैरे. सासूबाईंनी ‘असेल बाई’ म्हणून पिशवीतल्या भेंड्या चाचपल्या आणि विषय सोडून दिला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही, कारण मीही इतकी वर्षं त्या गाण्याचा उल्लेख ‘गोल्डीचं गाणं’ असाच करत आले आहे आणि त्यात मला कधी काही खटकलं नव्हतं.

सासूबाईंनी मांडीवर धरलेली लय आधी सांगते, कारण त्या गाण्याचं मर्म त्यांना न शिकवता सापडलं होतं. ड्रम मिनिटाला दीडशेच्या पुढे पळतात. हल्लीचं ड्रम अँड बेस तर एकशे सत्तरच्या वर गेलंय. पण बेस, म्हणजे खालचा खर्जातला सूर, आणि आवाज दोन्ही त्याच्या निम्म्या लयीत चालतात. सासूबाईंनी ती निम्मी लय पकडली होती आणि वरची सगळी धावपळ त्यांना दुगुन, चौगुनीसारखी ऐकू येत होती. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फक्त धावपळच ऐकू आली होती. छातीत धडधडायला लागलं होतं. नाचणाऱ्यांतही हे दोन पंथ दिसतात: काहीजण ड्रमबरोबर पायांची लगबग करतात, आणि काहीजण डोळे मिटून बेसवर नुसते डोलतात. दोघंही तालातच असतात.

1996 साली मी शिकायला लंडनला आले आणि पूर्व लंडनमध्ये एका जुन्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली. ओलसर गालिचा, मीटरमध्ये नाणी टाकल्यावर पेटणारी गॅसची शेगडी, आणि भिंतीपलीकडे एक मुलगा, जो दिवसभर गोदामात काम करायचा आणि रात्री पायरेट, म्हणजे बिनपरवान्याचा, रेडिओ लावायचा. तेव्हा लंडनच्या उंच सरकारी इमारतींच्या गच्च्यांवर रातोरात एरियल चढायचे, अधिकारी येऊन ते उतरवायचे, आणि पुन्हा दुसऱ्या गच्चीवर ते उगवायचे. मला शब्द ऐकू यायचे नाहीत, वरची सुरावटही यायची नाही. भिंतीतून फक्त बेस यायचा. आईने बरोबर दिलेल्या स्टीलच्या वाट्या मी शेल्फवर एकात एक घालून ठेवल्या होत्या. ठरावीक सुराला त्या एकमेकींवर किणकिणायला लागायच्या, सूर उतरला की गप्प. मग मी त्यांच्यामध्ये वर्तमानपत्राचे कपटे घातले. तरी सगळ्यात वरची वाटी थरथरत राहायचीच, आत ठेवलेल्या लवंगांसकट.

एका रविवारी मी तक्रार करायला त्याचं दार ठोठावलं. त्याने माफी मागितली, आवाज कमी केला आणि मला आत बोलावून एक बारा इंची तबकडी हातात दिली. तिच्यावर ठळक नाव होतं गोल्डी, बरोबर मेटलहेड्झ. मग त्याने सुई टेकवली. भिंतीपलीकडून महिनोन्महिने जे मला नुसतं थरथरताना माहीत होतं, त्यावर एका बाईचा आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. शहराच्या पोटातलं जगणं, त्याचा दाब, आणि त्यातून कुणाकडे तरी निसटायची इच्छा एवढंच ती गाते. शब्द मोजकेच, पुन्हा पुन्हा येणारे. नव्या शहरात एकटं राहणाऱ्या माणसाला ते बास होतात.

गोल्डीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ती खरोखरच सांगण्यासारखी आहे. वॉल्सॉलमध्ये जन्म, मूळ नाव क्लिफर्ड प्राइस. लहानपण पालक कुटुंबांत आणि बालगृहांत गेलं. भिंतींवर स्प्रे कॅननी चित्रं काढून नाव मिळवलं, अमेरिकेत गेला, तिथे सोन्याचे दात करून विकले, स्वतःच्याही तोंडात बसवले, आणि परत आला. संगीत त्याला सापडलं ते केमिस्ट्रीमुळे. ती त्याची तेव्हाची मैत्रीण. ती आणि स्टॉर्म या दोघी मैत्रिणी डीजे होत्या. त्यांनी त्याला चॅरिंग क्रॉसजवळच्या हेवन क्लबमध्ये ‘रेज’ नावाच्या रात्रींना नेलं, जिथे फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर हे दोन डीजे वाजवायचे. एका माणसाचं आयुष्य तिथे फिरलं. 1994 मध्ये तिघांनी मिळून मेटलहेड्झ हे लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी कंपनी, सुरू केलं. केमिस्ट्री 1999 च्या एप्रिलमध्ये गेली. साउदम्प्टनहून कार्यक्रम आटोपून येताना एम3 महामार्गावर पुढच्या व्हॅनच्या चाकाखालून रस्त्यातला कॅट्स आय, म्हणजे रात्री चमकणाऱ्या त्या खुंटीचा लोखंडी तुकडा, उखडून थेट काचेतून आत आला. तो रस्ता माझ्याही येण्याजाण्याचा आहे. रात्री दिव्यांत ती चमकती ओळ पुढे येत राहते आणि मी उगाचच डाव्या लेनला सरकते.

तर गोल्डीला वाद्य येत नव्हतं, स्वरलिपी येत नव्हती. त्याच्या डोक्यात आवाज असायचे आणि ते दुसऱ्याकडून काढून घ्यायची चिकाटी असायची. ‘इनर सिटी लाइफ’च्या वेळी यंत्रांपुढे बसला होता रॉब प्लेफर्ड, मूव्हिंग शॅडो या लेबलचा मालक. जुन्या तबकड्यांवरचे ड्रमचे चार-सहा सेकंद सॅम्पलर नावाच्या यंत्रात टिपून घ्यायचे, एकेक ठोका सुटा कापायचा, वेग वाढवायचा, पुन्हा वेगळ्या क्रमाने मांडायचा. त्याआधी 1992 मध्ये ‘टर्मिनेटर’ या तबकडीत गोल्डीने एका यंत्राच्या मदतीने ड्रमचा सूर वर चढवत नेला होता आणि वेग मात्र होता तसाच ठेवला होता. ऐकताना जमीन जागेवर असूनही आपण वर ओढले जातोय असं वाटतं. वेळ ताणायची, सूर सोडायचा नाही. सूर ताणायचा, वेळ हलू द्यायची नाही. या मंडळींचा सगळा नाद या दोन खटक्यांभोवती होता. 1995 च्या ‘टाइमलेस’ अल्बममध्ये हेच गाणं एकवीस मिनिटांच्या मोठ्या रचनेचा पहिला भाग होऊन आलं आणि अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. एकट्या गाण्याची तबकडी मात्र 1994 मध्ये 49 वर अडकली होती. पुढे पुन्हा निघाली तेव्हा कशीबशी 39 वर चढली. आज ज्याला सगळे मैलाचा दगड म्हणतात त्या गाण्याची त्या वेळची ही कमाई.

आणि डायॅन? मँचेस्टरची. ऐंशीच्या दशकात 52न्ड स्ट्रीट नावाच्या तिथल्या बँडमध्ये गायची. 1993 मध्ये अर्बन कुकी कलेक्टिव्हचं ‘द की द सीक्रेट’ दुसऱ्या क्रमांकावर गेलं, तो आवाजही तिचाच. ते गाणं अगदी उजळ, उड्या मारणारं. लग्नाच्या पार्ट्यांत इथे अजून वाजतं. त्यानंतर वर्षभरात ती ‘इनर सिटी लाइफ’ गायली. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली तर गळा एकच आहे यावर विश्वास बसत नाही. पुढे मोबी या अमेरिकन संगीतकाराबरोबर जगभर दौरे केले. ऑक्टोबर 2015 मध्ये कॅन्सरने गेली. तिचं नाव कुणी लपवून ठेवलं होतं असं मी म्हणणार नाही. तबकडीच्या कव्हरवर बारीक अक्षरांत ते असायचं, गोल्डीही तिच्याबद्दल नेहमी मानाने बोलला आहे. पण बारीक अक्षरं रेडिओवर वाचली जात नाहीत.

सासूबाई भारतात परत गेल्यावर मी या गाण्याची जेवढी रिमिक्सं हाताशी लागली तेवढी लागोपाठ ऐकली. पेशे नावाच्या डीजेचं ऐकलं. ब्रिस्टलच्या रोनी साइझचं ऐकलं, ज्याने पुढे 1997 मध्ये अल्बमसाठीचं मानाचं मर्क्युरी पारितोषिक पटकावलं. ‘रॅबिट्स शॉर्ट अटेन्शन स्पॅन’ अशा खोडकर नावाचं एक आहे, तेही ऐकलं. एकवीस मिनिटांच्या रचनेला नावं ठेवायची ही रीत मला आवडली. पेशेच्या हाती ड्रमना एक सुटसुटीतपणा येतो, रोनी साइझचा बेस मला अधिक आडदांड वाटतो. पण चार-पाच वेळा ऐकल्यावर लक्षात आलं की हे सगळेजण गोल्डी आणि प्लेफर्डने ज्यावर रात्री जाळल्या तेच आधी काढून टाकतात. ड्रम गेले, बेस गेला, तंतुवाद्यांचा पडदा गेला किंवा नावापुरता राहिला. ज्या कारागिरीसाठी गाणं गाजलं ती कारागिरीच बाजूला. आणि जिला हात लावायची कुणाची प्राज्ञा होत नाही ती गोष्ट म्हणजे डायॅन. तुकडे करतात, लांबवतात, उशिरा आणतात, पण आणतात. ती आली नाही तर ते त्या गाण्याचं रिमिक्स आहे हे कुणाला कळणारच नाही.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट झालं. रिमिक्स म्हटलं की माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर 2002 चं ‘कांटा लगा’ येतं, आणि त्यापाठोपाठ घराघरातल्या वडीलधाऱ्यांचा संताप. तिथे चाल तीच ठेवली, ठेका नवा घातला, आणि लताबाईंचा आवाज काढून दुसरीचा बसवला. कारण साधं होतं, कायद्याचं. मूळ ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचं, त्याला हात लावता येत नव्हता. पण ठरलेली रॉयल्टी भरून, मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली असतील तर तेच गाणं नव्याने गाऊन घ्यायला कॉपीराइट कायद्यात वाट होती. 2012 च्या दुरुस्तीने ती वाट बरीच अरुंद झाली, मुदत पाच वर्षांवर गेली. म्हणजे आपल्या बाजारात सगळ्यात स्वस्तात बदलता येणारी गोष्ट गाणारी होती, आणि लंडनच्या त्या खोल्यांत लेबल स्वतः गाणारीची सुटी टेप रिमिक्स करणाऱ्याच्या हातात ठेवून म्हणत होतं, हिच्याभोवती काय बांधायचं ते बांध. आपल्या वडीलधाऱ्यांचा राग ठेक्यावर होता असं आपण समजत आलो. मला आता वाटतं, तो राग आवाज बदलल्याचा होता. ठेका त्यांनी खपवून घेतला असता. सासूबाईंनी घेतलाच की.

फोनवर हे सगळं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी ‘महल’ची आठवण काढली. 1949. ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिकेच्या जागी छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून लिहून विचारलं, गातंय कोण? “तेव्हा आपली माणसं विचारायची तरी,” असं म्हणून त्यांनी माझ्या रेडिओवाल्याचा पुन्हा एकदा निकाल लावला.

हिशोब इथेच थांबला असता तर गोल्डी दोषी आणि डायॅन वंचित, असं सरळ चित्र झालं असतं. पण ते ड्रम तरी कुणाचे? या संगीताचा सगळ्यात जास्त वापरलेला तुकडा 1969 चा, द विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या ‘अमेन, ब्रदर’ या गाण्यातला. गाणं तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं, म्हणजे कुणी मुद्दाम न ऐकण्याचं. त्यात ग्रेगरी कोलमन नावाच्या ड्रमरने चार आवर्तनं एकट्याने वाजवली, सहा-सात सेकंदांची. जंगल, म्हणजे ड्रम अँड बेसचं आधीचं रूप, आणि ड्रम अँड बेस यांच्या हजारो तबकड्या त्या सेकंदांवर उभ्या आहेत. कोलमन 2006 मध्ये अटलांटात गेला. अखेरीस त्याला घरदारही नव्हतं आणि त्या तुकड्याचा पैसा त्याला कधी मिळाला नाही. 2015 मध्ये इंग्लंडमधल्या चाहत्यांनी वर्गणी काढून बँडचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर याला 24,000 पौंड पाठवले. कोलमनच्या वाट्याला तेही आले नाहीत. डायॅनचं निदान बारीक अक्षरांत नाव तरी होतं. त्यामुळे रिमिक्सवाल्यांनी गोल्डीचे ड्रम काढून फेकले याचं मला फार वाईट वाटेना. मुळात तेही कुणाकडून तरी उचलूनच आणलेले.

1996-97 कडे मागे वळून बघताना मला हॉक्स्टन स्क्वेअरचा ब्लू नोट क्लब आठवतो. लहानसा, खाली तळघर. दर रविवारी तिथे मेटलहेड्झची रात्र असायची आणि सोमवारी त्याच तळघरात तबलावादक टॅल्व्हिन सिंगची ‘अनोखा’. माझा शेजारी रविवारी जायचा आणि मलाही चल म्हणायचा. मी गेले नाही. सोमवारी सकाळचं लेक्चर हे कारण सांगायचे, खरं म्हणजे भीती वाटायची: अंधार, धूर, सगळी अनोळखी मुलं, आणि मिरवायला ना कपडे ना बूट. सोमवारी मात्र वर्गातल्या मुलींबरोबर मी गेले, कारण तिथे तबला होता, म्हणजे आपलंच काहीतरी असणार. तिथे तबल्याला यंत्रं जोडली होती आणि त्याच्या बोलांखाली तोच बेस होता जो माझ्या वाट्या वाजवायचा. रांगेत निम्म्याहून जास्त गोरी मुलं. त्यांना तबल्याचं अप्रूप, मला त्यांच्या अप्रुपाचा अभिमान आणि थोडी चीडही. सातवीपर्यंत मी हार्मोनियम शिकत होते आणि कंटाळून सोडली होती. आता तेच घरचं संगीत पाच पौंडांचं तिकीट काढून ऐकत होते. दोन वर्षांत टॅल्व्हिनच्या ‘ओके’लाही मर्क्युरी मिळालं, 1999 मध्ये. त्या तळघराच्या भिंती रविवारच्या घामाने सोमवारीही ओल्या असायच्या असं शेजारी सांगायचा. मला त्या ओल्याच लागल्या, घाम कुठल्या दिवसाचा ते माहीत नाही.

राहता राहिलं बरिअलचं रिमिक्स. ते आलं 2017 मध्ये, डायॅन गेल्यावर. बरिअल हा दक्षिण लंडनचा, चेहरा न दाखवणारा, मुलाखती जवळजवळ न देणारा माणूस. त्याच्या प्रत्येक कामात जुन्या तबकडीची चरचर असते, पाऊस पडल्यासारखी. बाकीची रिमिक्सं करणाऱ्यांसाठी डायॅन हवी तेव्हा स्टुडिओत येऊन पुन्हा गाऊ शकली असती. याला ती सोय नव्हती. होतं तेवढंच वापरायचं. कदाचित मला हे माहीत असल्यामुळे मी ते ऐकताना जरा जास्तच हळवी होते, आणि असल्या हळवेपणावर माझा फारसा विश्वास नाही. मूळ गाण्यात ती त्या गर्दीतून वाट काढत गाते. मला तेच अधिक आवडतं. बरिअलने तिला उदास करायची गरज नव्हती. ती गायली तेव्हा तिशीच्या आसपासची, कामात असलेली, मागणी असलेली बाई होती.

कुणाला ऐकायचं असेल तर एक सांगते. बरिअलपासून सुरुवात करू नका, आणि रिमिक्सं आधी मुळीच नकोत. एकवीस मिनिटांची पूर्ण रचना आधी ऐका, आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. तिथे बेस येतच नाही, मग उरते ती नुसती टकटक आणि तुम्ही मला नावं ठेवाल. चांगले हेडफोन लावा, नाहीतर शेजारी गावाला गेलेले असताना मोठ्या स्पीकरवर. आणि हात मांडीवर ठेवून आधी सावकाश लय धरा.

नंतर पेशे ऐका, मग रोनी साइझ. आणि कुणी विचारलंच, काय ऐकतेस, तर मी हल्ली दोन्ही नावं सांगते. डायॅनचं आधी.